सबनीस आणि वीस किलोचा गोळा

एकोणीस जून. शेगडीची रबरी नळी बदलायची होती. नळीवर छापलेली मुदत मार्चमध्येच संपली होती आणि तीन महिने मी ते काम पुढे ढकलत होते. सिलिंडर बंद करून ओट्याखाली वाकले, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून सबनीसांची मुलगी बोलत होती.

"बाबा काल गेले. झोपेतच. कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी त्यांनी वहीत करून ठेवली होती. तुमचं नाव तिसरं आहे."

विचारायचं ते विचारून मी फोन ठेवला. नळी बसवली, साबणाचा फेस लावून गळती आहे का ते पाहिलं, हात धुतले आणि लिहायला बसले. या माणसाबद्दल लोक "भारी घाबरट हो" एवढंच बोलतील, आणि ते खरं असलं तरी पुरेसं नाही.

मनोहर सबनीस माझे पहिले साहेब. बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात आमचा तपासणी विभाग होता. तोफगोळ्यांचे सुटे भाग आमच्या हाताखालून जायचे. उंच, किडकिडीत माणूस, वरच्या ओठावर बारा महिने घाम. कुठल्याही खोलीत शिरताना त्यांचे दोन्ही हात आधी पाठीमागे जात आणि एकमेकांत अडकत. कारखान्यात असो, देवळात असो की भांड्यांच्या दुकानात. त्यांच्या बायकोने मला एकदा हसत सांगितलं होतं, "मला बघायला आले तेव्हाही हात मागेच. आमच्या आईला वाटलं, मुलाच्या हातात काही दोष आहे."

"मी भित्रा माणूस आहे," नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगत. "सरकार मला त्याचाच पगार देतं."

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला गोदामात नेलं. यंत्रं, रांगा, खोकी सगळं दाखवलं आणि मध्येच म्हणाले, "पाटणकरबाई, डोळे मिटा."

"का सर?"

"दिवे गेलेत असं समजा. दार कुठे आहे? बोट दाखवा."

मी दाखवलं. डोळे उघडले तर बोट भिंतीकडे होतं.

"तुम्ही मेलात," ते शांतपणे म्हणाले. "चला, चहा घेऊ."

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला हा माणूस अजिबात आवडला नाही. पण त्यानंतर दार न पाहता मी कुठल्याही खोलीत बसलेले नाही.

माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांना राजाजीनगरच्या घरी बोलावलं होतं. नवऱ्याने हौसेने गॅसचे तीस फुगे आणले होते आणि ते केकच्या टेबलामागे बांधले होते. सबनीस आत आले, फुग्यांकडे पाहिलं, मेणबत्तीकडे पाहिलं आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आपली हरकत नसेल तर हे मी थोडा वेळ बाहेर धरून उभा राहतो." सासऱ्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. पण ते खरंच तीस फुग्यांचे दोरे मुठीत घेऊन तासभर जिन्याजवळ उभे राहिले. शेजारची पोरं त्यांना फुगेवाला समजली. बशी मी तिथेच नेऊन दिली. केक त्यांनी एका हाताने खाल्ला आणि वर म्हणाले, "वेलची छान लागतेय."

त्यांची ती "आपली हरकत नसेल तर" ही भाषा ओळखायला मला काही वर्षं लागली. एरवी ते साधं, थोडं तुसडंच बोलत. पण खरोखर भीती वाटली की ते अतिशय अदबीने बोलू लागत. भीती जितकी मोठी तितका आदर मोठा. एकदा त्यांनी शिपायाला, "आपण कृपा करून ती पेटी खाली ठेवता का?" असं म्हटलं आणि मी, कारण न विचारता, हातातली चहाची कपबशी टेबलावर ठेवून बाहेर चालू लागले.

त्या पेटीची गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या कारखान्यातून आली होती आणि तिच्यावर 'रिकामी' असा शिक्का होता. शिपायाने उचलली तेव्हा रिकाम्या पेटीच्या मानाने त्याचा खांदा जास्त वाकला, एवढंच सबनीसांनी पाहिलं होतं. अर्धा दिवस काम बंद. अडीचशे माणसं मैदानात उन्हात उभी. शेवटी तज्ज्ञ आले, पेटी उघडली. रिकामी होती. फक्त तळाची फळी ओली होऊन जड झाली होती. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना झापलं. मला त्यांच्यासाठी लाज वाटली. संध्याकाळी नोंदवहीत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'पेटी रिकामी निघाली. पुढच्या वेळीही थांबवीन.' खाली सही, वेळ.

ते निवृत्त झाल्यावरही आमचं येणंजाणं राहिलं. बायको गेल्यावर ते एकटेच राहत. आमचा चाळीसेक मराठी घरांचा एक गट आहे. निम्मे आमच्यासारखे जुने, निम्मे मारतहळ्ळीकडचे नवे, संगणकवाले. सहली काढायचं काम माझ्याकडे असतं, कारण ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बेंगळुरूपासून अडीच तासांवरच्या एका डोंगरी किल्ल्यावर गेलो. वर जुन्या दारूकोठारात तोफखान्याचं छोटंसं संग्रहालय आहे. इकडे आयुधपूजा नवमीलाच असते. त्या दिवशी तिथे तोफांना हार घालतात, चंदन लावतात, कोहळा फोडतात. पुण्यामुंबईहून आलेल्या या नव्या मुलांना ते दाखवावं, हा माझाच विचार.

बस ठरवायची, जेवणाचं बघायचं म्हणून दहा दिवस आधी मी एकटी तिथे जाऊन आले होते. संग्रहालयाचा राखणदार रंगप्पा, साठीचा, रोजंदारीवरचा. त्याने मला सगळं मनापासून दाखवलं. एका लाकडी बैठकीवर मोठा लोखंडी गोळा होता, गावच्या तळ्यातला गाळ काढताना सापडलेला. त्याला वरच्या बाजूला अंगठा जाईल एवढं भोक, घट्ट मातीने भरलेलं. रंगप्पा कानडीत तक्रारीच्या सुरात म्हणाला, "अक्का, दर वर्षी पूजेला उदबत्ती या भोकात लावायला बघतो. माती दगडासारखी झालीय, काडी उभीच राहत नाही."

माझ्यापुढे कुणी अडचण सांगितली की मला उपाय सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणाले, "तेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढा. सोपं आहे."

"सरी अक्का," तो खूश होऊन म्हणाला.

शेजारी कार्ड होतं: 'भरीव लोखंडी गोळा. व्यास २० सेंमी. वजन २० किलो.' ते मी वाचलं होतं. सत्तावीस वर्षं तपासणी विभागात काढलेल्या बाईने ते वाचलं आणि ती जेवणाचं ठरवायला गेली.

सहलीच्या दिवशी सबनीसही आले. बसमध्ये त्यांची यथेच्छ चेष्टा झाली. निखिल नावाचा आमच्या गटातला मारतहळ्ळीचा मुलगा, मुलगा म्हणजे पस्तिशीचा, चढताना म्हणाला, "काका, चिल करा. या तोफा दोनशे वर्षं रिटायर्ड आहेत. तुमच्यापेक्षा सीनियर."

"रिटायर्ड माणसाचा भरवसा धरू नका," सबनीस म्हणाले. सगळे हसले. तेही हसले.

कोठाराची भिंत हातभर जाड, खिडक्या नाहीत, दार एकच. ते पाहताच त्यांनी नाक मुरडलं. आत आम्ही चौतीस माणसं दाटीने उभी होतो. पोरं तोफांच्या तोंडात डोकावत होती. सबनीस हात मागे बांधून एकेका वस्तूचं कार्ड वाचत पुढे सरकत होते. बाकीचे वस्तू बघत होते, ते कार्डं बघत होते. गोळ्यापाशी आले आणि थांबले. गोळ्याला झेंडूचा हार होता. रंगप्पाने आत्ताच भोकात दोन उदबत्त्या खोचल्या होत्या, पेटवलेल्या. या वर्षी त्या ताठ उभ्या होत्या. त्याने लांबूनच मला मान हलवून दाखवलं, बघा, जमलं.

सबनीस छताकडे पाहून ओठ हलवत होते. मग निखिलकडे वळले.

"निखिलराव, आपण जरा मंडळींना बाहेर घेऊन जाता का?"

पेटीच्या वेळी हाच आवाज होता.

"का काका? पूजा सुरू होतेय."

तबक घेऊन पुढे आलेल्या रंगप्पाला सबनीस कानडीत, अगदी सावकाश म्हणाले, "यजमान, एक विचारू? बाहेर अंगणातली मोठी तोफ या सगळ्यांत वडीलधारी. तिची पूजा आधी नको का?"

रंगप्पा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "हौदु सार. दोड्डवरु मोदलु." बरोबर आहे, मोठ्यांचा मान पहिला. तो तबक घेऊन बाहेर निघाला आणि त्याच्यामागे हौशी मंडळी. मी पोरांच्या पाठीला हात लावत त्यांना दाराकडे ढकलत होते. कुणी पळालं नाही, कुणी तोफेवर आपटलं नाही. चौतीस माणसांना त्या एका दारातून काढायचं होतं आणि सबनीसांनी एकदाही आवाज चढवला नाही.

निखिल तेवढा आत राहिला. मोबाइल घेऊन गोळ्यापुढे गुडघ्यावर बसला होता. धुराची रेघ, हार, मागे अंधार.

"एक मिनिट काका. काय फ्रेम आहे!"

सबनीस दारात उभे होते. त्यांनी हात पुढे आणले आणि जोडले. मी त्यांना कधी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. देवापुढेही नाही.

"निखिलराव, आपल्या पाया पडतो. बाहेर या."

तो हसतच उठला, पण उठला.

मग त्यांनी लोखंडी दार ओढून घेतलं आणि सगळ्यांना अंगणातूनही हलवून बुरुजाच्या पलीकडे नेलं. पूजा तिथून करा, म्हणाले. आता कुरबूर सुरू झाली. रंगप्पा रागावला. "याके सार?" का म्हणून? तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. ओठावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता.

"वीस सेंटिमीटरचा भरीव गोळा तीस किलोच्या आसपास भरला पाहिजे. कार्डावर वीस आहे. दहा किलो लोखंड कुठे गेलं, बाई?"

मी हिशोब केला. करायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"पोकळ आहे," मी म्हणाले.

"कुलपी गोळा. आत दारू भरायची, भोकात वात बसवायची, उडवायचा. हा उडाला नाही, चिखलात जाऊन रुतला. आत पाणी गेलं असेल तर काही नाही. गेलं नसेल तर..." ते थांबले. "भोक कुणीतरी नुकतंच कोरलंय. कडेला ताजे ओरखडे आहेत."

मी रंगप्पाकडे पाहिलं. तो तबक हातात धरून अजून रागातच उभा होता.

संग्रहालयाचा व्यवस्थापक धावत आला. तरुण माणूस, सणाचा नवा रेशमी शर्ट. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच ना? मी जाऊन काड्या काढून टाकतो." तो निघालाच. सबनीसांनी त्याचं मनगट धरलं. व्यवस्थापक झटका देत होता, ओरडत होता, "तुम्ही कोण मला अडवणारे? पूजा बंद पाडता?" सबनीस त्याला कानडीत "आपण थांबावं, आपण थांबावं" एवढंच म्हणत राहिले. दुसरं कुणी असतं तर स्वतः आत जाऊन काड्या उपटून शूर ठरलं असतं. ते गेले नाहीत. कुणाला जाऊही दिलं नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाने त्या धडधाकट पोराचं मनगट पंचवीस मिनिटं धरून ठेवलं. मी पोलिसांना फोन लावला आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिले. उदबत्ती किती वेळ जळते हे मी रोज देवापुढे बसून कधी मोजलं नव्हतं.

दाराच्या फटीतून धूर येत होता. मग येईनासा झाला. काही झालं नाही.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. निखिल म्हणाला, "काका, उदबत्तीने तुम्हाला वॉकओव्हर दिला." हशा पिकला. सबनीसांनी मनगट सोडलं, व्यवस्थापकाची माफी मागितली आणि दारासमोरून हलले नाहीत.

बॉम्बशोधक पथक जेवणाच्या वेळेनंतर आलं. त्यांनी आम्हाला आणखी खाली हाकललं, गोळा वाळूत ठेवून कोरड्या तळ्यात नेला, गोळ्यात पाणी भरलं आणि लांबून काय करायचं ते केलं. तास-दीड तासाने त्यांचा अधिकारी वर आला. हातात कागदाची पुडी होती. आत काळे, खसखशीएवढे दाणे. ते त्याने पाणी सोडण्याआधी काढून ठेवले होते. दगडावर चिमूटभर टाकले, लांब काडीने पेटवले. भस्सकन ज्वाळा उठली आणि पोरं मागे सरली.

"वर चार बोटं माती होती," तो म्हणाला. "तीन बोटं कुणीतरी कोरून काढली होती. एक बोट उरली होती. त्याखाली सगळं कोरडं."

कुणी हसलं नाही. निखिल जाऊन बसमध्ये बसला.

व्यवस्थापक रंगप्पावर तुटून पडला. भोक कुणी कोरलं? कुणाला विचारून? रंगप्पाने एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग खाली बघून म्हणाला, "नानु." मी. हवालदाराने जबाबात तेच लिहिलं. व्यवस्थापकाने त्याला तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, पोलीस काय ते बघतील.

मी गप्प राहिले. कारण लिहूनच टाकते. मी अजून त्याच विभागात आहे, आणि आता इतरांच्या तपासणीवर सही माझी असते. स्फोटकाच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालायचा सल्ला त्या विभागाच्या अधिकाऱ्याने दिला, हे कागदावर आलं असतं तर काय झालं असतं ते मला नीट ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये मी सबनीसांशेजारी बसले. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडेना. मी उघडून दिलं. ते प्याले. शहराच्या वेशीवर वाहनं तुंबली तेव्हा मी म्हणाले, "सर, ते भोक साफ करायला रंगप्पाला मीच सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"जबाबात नाव कुणाचं आहे?"

"त्याचं."

बस पुढे सरकली. थांबली. पुन्हा सरकली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कारखान्यात एकेका मिलिमीटरसाठी ते मला ओरडले होते.

राजाजीनगरला त्यांचा थांबा आधी येतो. ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि दांडीला धरून माझ्याकडे वाकले.

"पाटणकरबाई," ते म्हणाले, "आपण घरी नीट जा."

आपण. मला त्यांनी सत्तावीस वर्षांत कधी असं म्हटलं नव्हतं.

खिडकीतून मला दिसले ते शेवटचे. फुटपाथवर केळीचे खुंट आणि आंब्याची पानं विकायला बसलेल्या बायका, हार घातलेल्या रिक्षा, आणि त्यांच्या मधून जपून वाट काढणारी ती उंच, वाकलेली पाठ. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पुढच्याच आठवड्यात मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि आमची पुन्हा भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याच्या दिवशी, मी नवऱ्याला श्रीखंड बाहेरून आणायला सांगितलं आणि सहाची बस धरून परत त्या गावी गेले. पोलीस चौकीत एकच हवालदार होता, जीपला हार घालत होता. "अम्मा, आज हब्बा आहे, सणाचा दिवस. सोमवारी या," तो म्हणाला. मी बाकावर बसून राहिले. नऊ वाजता त्याने कंटाळून कागद पुढे ओढला. मी सांगितलं ते लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "हुद्दा?" मी हुद्दा सांगितला, खात्याचं नाव सांगितलं, आणि त्याने ते लिहिलंय की नाही ते वाचून पाहून खाली सही केली.